नोटीस सरांपुढची सुनावणी

वर्गात जांभई दिली म्हणून मास्तरांनी खडू फेकून मारल्याचं तुम्ही ऐकलं असेल. कान धरून बाहेर काढल्याचंही ऐकलं असेल. आमच्या नोटीस सरांनी मला जांभईबद्दल नोटीस दिली. कागदावर, निळ्या शाईत, जावक क्रमांक टाकून. "आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मूलभूत हक्कांचे विवेचन सुरू असताना आपण तोंडावर हात न धरता जांभई दिल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांस उर्वरित तासापुरते वर्गाबाहेर का काढण्यात येऊ नये, याची कारणे सात दिवसांच्या आत सादर करावीत." सात दिवस! तास संपायला वीस मिनिटं उरली होती. मी लेखी खुलासा दिला की घरात लग्न आहे, झोप झालेली नाही. सरांनी तो दोनदा वाचला, "खुलासा समाधानकारक" असा शेरा मारला आणि एका फाईलला लावला. त्या फाईलवर 'जांभया' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

खरं नाव होतं त्यांना. हजेरीपटावर सहीही करायचे ते. पण अख्ख्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे नोटीस सरच म्हणत. आमचं लॉ कॉलेज सकाळचं. पहिल्या वर्षाला राज्यघटनेची आणि शासनव्यवस्थेची तोंडओळख करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. शहराच्या टोकाला असलेल्या हुडकेश्वरहून जुन्या स्कूटरवर यायचे, डोक्याला उन्हासाठी पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी. मूळचे काटोलकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. शिकवताना भाषा पुस्तकी, चिडले की थेट वऱ्हाडी. आणि नोकरी तासिका तत्त्वावरची. म्हणजे जूनमध्ये नेमायचं आणि एप्रिलमध्ये विसरून जायचं. अशी वीसेक वर्षं. स्वतःच्या खुर्चीची खात्री नसलेला हा माणूस दुसऱ्यांना हक्क शिकवायचा, याची आम्हाला तेव्हा फार मजा वाटे.

विद्यार्थ्यांना ते 'नागरिक' म्हणत. आम्ही नुकतीच मिसरूड फुटलेली पोरं, घरी कोणी 'गधड्या' म्हणे, कोणी 'भैताडा' म्हणे, आणि इथे हा गृहस्थ म्हणतो आहे, "मागच्या बाकावरचे नागरिक, उभे राहा." एक पोरगी फार बडबड करायची. तिला म्हणाले, "नागरिक, तुमचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य मला मान्य आहे. त्याच्यावरचे वाजवी निर्बंध पुढच्या सोमवारी शिकवणार आहे. तोवर हळू बोला." ती खरोखर सोमवारपर्यंत हळू बोलली. मी कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. दुपट्टा गुंडाळून, मान तिरकी करून, समोशाला नोटीस द्यायचो की तू गार का, याची कारणे दाखव. पोरं लोळायची. नक्कल मला चांगली जमायची, हे आजही सांगतो.

कोणीही हुकूम सोडला की सर विचारत, "अधिकार कुठून आला?" एकदा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो होतो. सरांनी हेल्मेट घातलं नव्हतं, दुपट्ट्यावर ते बसत नसे. चौकात हवालदारानं शिट्टी मारली. "काका, हेल्मेट कुठं हाय?" सर स्कूटर स्टँडला लावून उतरले. "चूक माझीच आहे. पण दंड करायचा अधिकार तुम्हाले कोणत्या कायद्यानं दिला, ते सांगा."

"काका, ऊन तर पाहा. कायले डोकं खाऊन राहिले?"

"ऊन पाहूनच विचारून राहिलो. एवढ्या उन्हात उभं राहून अधिकार वापरता, तर तो आला कुठून हे तुम्हाले माहीत नको?"

हवालदार बिचारा भला माणूस. त्यानं मोबाईल काढला, शोधलं आणि कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. सर इतके खूश झाले की त्यांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. हवालदार म्हणाला, "जा काका, सोडलं तुम्हाले." झालं! सरांचा चेहरा पडला. "सोडायचा अधिकार कुठून आला?" शेवटी त्यांनी स्वतःहून पावती फाडून घेतली, तीही कलम नीट लिहिलं आहे ना हे तपासून. मी तोवर रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभा राहून मित्रांना फोनवर आँखों देखा हाल सांगत होतो.

घरी काय चालत असेल, याचे आम्ही तर्क करायचो. एकदा निबंधांचा गठ्ठा पोहोचवायला हुडकेश्वरला गेलो, तेव्हा सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनीच सांगितलं. काकू ठेंगण्या, ठसठशीत, आवाज असा की शेजारचं कुत्रं उठून बसावं. म्हणाल्या, "आमच्या घरी भाजीत मीठ कमी झालं तरी सुनावणी होते, बाप्पा. मी बोलते, हे लिहून घेतेत. दोन्ही बाजू ऐकतेत. पण उठून मीठ आणून देल्लं असं आजवर झालं नाही." सर समोरच बसले होते. ते म्हणाले, "मुद्दा नोंदवून घेतला." काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

आमचे प्राचार्य म्हणजे याच्या नेमकं उलट टोक. त्यांचा सगळा कारभार तोंडी. "कागदाला पाय फुटतात," असं म्हणायचे. फी माफी असो की कोणाची बदली, साहेब मान हलवायचे आणि काम होऊन जायचं किंवा कायमचं अडायचं. कारण विचारायची पद्धत नव्हती. आम्हा पोरांना हे फार सोयीचं वाटे. गोड बोललं, वाकून नमस्कार केला की भागायचं. नोटीस सरांकडे नमस्काराची आवक-जावक नोंद नव्हती.

त्या पहिल्याच वर्षी माझी हजेरी भरली नाही. गांधीबागेच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. लगनसराईत बाबा मला गादीवर बसवायचे, आणि सकाळची कॉलेजची वेळ ती माल लावायची वेळ. बाबांना माझं वकिली शिकणं म्हणजे थेरं वाटायची. त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं, "एकही साल वाया गेलं तर वकिली बंद. मंग गुमान दुकानात बसायचं." त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मोठा भाऊ असाच कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला अडकला, तो अजून त्याच गादीवर साड्या उलगडतो आहे. मला परीक्षेला बसू दिलं नाही, तर माझंही तेच होणार होतं. म्हणजे माझं सगळं त्या एका हॉल तिकिटावर आलं होतं.

दर वर्षी प्राचार्य कमी हजेरीवाल्यांना बोलावून दम द्यायचे आणि सोडून द्यायचे. त्या वर्षी विद्यापीठातून काही विचारणा झाली म्हणे, म्हणून हे झेंगट त्यांनी नोटीस सरांच्या गळ्यात टाकलं. सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी सतरा पोरांना सतरा नोटिसा काढल्या, सतरा तारखा दिल्या, आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात टेबल मांडून सुनावण्या सुरू केल्या. टेबलावर पाण्याचा ग्लास, तोही नागरिकासाठी.

मी टायफॉईडचं प्रमाणपत्र घेऊन गेलो. महिनाभर संपूर्ण विश्रांती. ओळखीच्या डॉक्टरचं, शिक्क्यासकट. सरांनी ते बारकाईनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नागरिक, याच महिन्यात आमच्या घरून भाचीच्या लग्नासाठी गांधीबागेत साड्या घेतल्या गेल्या. कोणत्या दुकानातून, आणि कोणी दाखवल्या, हे मला माहीत आहे. पण ते माझं खाजगी ज्ञान झालं. ते कागदावर नाही, म्हणून मला ते विचारात घेता येत नाही. मी तुमचं प्रमाणपत्र खरं धरून चाललो आहे. आणखी काही सांगायचं आहे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. काकूंना नऊ साड्या मीच दाखवल्या होत्या. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून, गिरकी घेऊन दाखवला होता. काकू काय मला ओळखत नव्हत्या? त्यांनी तर कौतुकानं घरी सांगितलं असणार. आणि हा माणूस म्हणतो, मी हे विचारात घेत नाही! ओरडला असता तर मी दुसरी थाप मारली असती. मी प्रमाणपत्र परत मागून घेतलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. दुकान, बाबा, भाऊ, गादी. कायद्याचं पुस्तक कापडाच्या ठाणाखाली लपवून वाचतो, हेही. तासभर तरी बोललो असेन. सर मधे एकदाही बोलले नाहीत. फक्त लिहीत होते. माझ्या आयुष्यात तोवर कोणी माझं वाक्य पुरतं होऊ दिलं नव्हतं. घरी बाबा बोलत आणि कॉलेजात मी नकला करी. मला रडू आलं, आणि त्याची मला भयंकर चीड आली.

दोन दिवसांनी आदेश हातात पडला. चार पानं. "विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात येत आहे. तथापि." तथापि म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. खाली टीप, की आदेशाविरुद्ध सात दिवसांत प्राचार्यांकडे अपील करता येईल.

मी तणतणत गेलो. "सर, म्हणजे माझं वर्ष गेलं?"

"या आदेशाप्रमाणे गेलं. पण आदेश चुकीचा असू शकतो."

"तुम्हीच तर लिहिला!"

"म्हणूनच तर म्हणून राहिलो. मला जे दिसलं ते मी लिहिलं. सगळं मलाच दिसलं असेल, असं थोडंच आहे? वकील आहे का तुमच्याकडे? नाही ना. बसा मग."

आणि ऐका गंमत. या माणसानं स्वतःच्याच आदेशाविरुद्ध माझं अपील लिहून द्यायला सुरुवात केली. दोन संध्याकाळी हुडकेश्वरला त्यांच्या ओट्यावर बसून. ते सांगत, मी लिहून घेई. कॉलेजचा नियम होता की दर महिन्याची हजेरी फलकावर लावायची, म्हणजे पोराला वेळेत समजावं. ती कधीच लावली गेली नव्हती. आपण हे पाहिलंच नाही, हे सरांना आदेश देऊन झाल्यावर सुचलं, आणि लॉटरी लागावी तसे ते खूश झाले. "लिहा, 'आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने सदर बाबीकडे डोळेझाक केली.' नाही, थांबा. 'अक्षम्य डोळेझाक.' काय भैताड माणूस आहे गा हा!" काकू आतून ओरडल्या, "हे तर मी तीस सालांपासून सांगून राहिली!"

अपील घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. हजेरी फलकावर न लावल्याच्या मुद्द्यापाशी थांबले, बसले, पुन्हा वाचलं. "हे डोकं तुझं नाही," म्हणाले. मग ते अगदी मायेनं बोलायला लागले. बाबांची चौकशी केली. ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. "असं कर, अपील-बिपील मागे घे. यावर सही कर आणि बाहेरून हॉल तिकीट घेऊन जा. तुझ्या नोटीस सरांना काही होत नाही यानं. नुसता फाईलला लावायला लागतो."

मी पहिली ओळ वाचली. "मी खाली सही करणारा विद्यार्थी लिहून देतो की, सदर प्राध्यापक विद्यार्थ्यांना नोटिसा देऊन त्रास देतात व संस्थेविरुद्ध चिथावतात." पुढे पाऊण पान होतं. ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तर सही करता आली नसती, हे मला तेव्हाच कळत होतं. केबिनमध्ये कूलर घरघरत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर भावाचं पोट सुटलेलं अंग गादीवर दिसत होतं. सही केली. हॉल तिकीट घेतलं. परीक्षेत घटनेच्याच पेपरला मला सगळ्यांत जास्त गुण पडले. नाही पडणार तर काय, शिकवलंच तसं होतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा वेळापत्रकात सरांचं नाव नव्हतं. ते मात्र नेहमीप्रमाणे आले. पहिल्या वर्षाच्या वर्गात कोणी दुसरंच शिकवत होतं. सर व्हरांड्यात शिपायाला विचारत होते, "मला कमी केल्याचा आदेश कुठे आहे?"

"आदेश नाही सर. नुसतं नाव नाही."

"कारण?"

"मले काय माहीत सर? कोण्या पोरानं तक्रार केली म्हणतेत."

"मग तक्रारीची प्रत द्या. मी खुलासा देतो. सात दिवसही नको. इथेच देतो."

शिपाई घंटा द्यायला निघून गेला. मी जिन्यावर उभा होतो, पंधरा पावलांवर. सर बराच वेळ वेळापत्रकाच्या फलकापाशी उभे राहिले, जसं काही नीट वाचलं तर नाव सापडेल. मग दुपट्टा बांधला आणि स्कूटरला किक मारली. दोन वेळा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. मी जिन्यावरून उतरलो नाही.

कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "नोटीस सरांनाच नोटीस नाही!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो, म्हणजे माझ्यावर कोणाचं लक्ष जाऊ नये.

आज मी वकील आहे, आणि धंदा म्हणाल तर हाच. कोणाला न विचारता कामावरून काढलं, कोणाची बाजू न ऐकता पेन्शन अडवली, असे लोक माझ्याकडे येतात. मी कोर्टात उभा राहतो, आवाज चढवतो, "माझ्या अशिलाला ऐकूनच घेतलं गेलं नाही!" चांगला चढवतो. निम्म्या केसेस त्यावर जिंकतो. लोक म्हणतात, वकीलसाहेबांना अन्यायाची काय चीड आहे! दोन वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावरचे एक मास्तर आले. त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवून काढलं होतं, तक्रारीची प्रतही दिली नव्हती. कागद अर्धे पाहून मी मिटवून ठेवले. त्यांना म्हटलं, सोमवारी या. आणि रविवारी सकाळी हुडकेश्वर गाठलं.

सर खूप वाळले होते. ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. काढल्यानंतर त्यांना दुसऱ्या कुठल्या कॉलेजनं घेतलं नव्हतं. तक्रारीचा डाग असलेल्या माणसाला कोण घेतं? इतकी वर्षं ते तक्रारीची प्रत मागणारे अर्ज करत होते. मला पाहून म्हणाले, "या नागरिक. काय काम काढलं?"

मी म्हटलं, "सर, ती तक्रार माझी होती."

त्यांनी हात वर केला. "थांबा." आत गेले, वही आणि पेन घेऊन आले. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "आता सांगा. सावकाश."

मी सांगितलं. केबिन, कूलर, गादी, कागद. ते लिहीत गेले. मधे एकदाच पेन थांबलं. "तुम्ही वाचला होता तो कागद?"

"पहिली ओळ, सर."

"पुढे काय होतं?"

"वाचलं नाही, सर."

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. इतकी वर्षं ज्या कागदासाठी झगडले, त्यात काय होतं हे सही करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग पुन्हा लिहू लागले. माझं बोलणं संपलं. त्यांनी वही मिटली.

मी म्हटलं, "सर, काहीतरी बोला. शिव्या द्या. माफ नका करू, पण काहीतरी बोला."

"मी काय बोलणार? नुकसान माझं झालं. ज्याचं नुकसान झालं, त्यानंच निकाल द्यायचा नसतो. त्याचं मन स्वच्छ राहत नाही. हे तुम्हाला शिकवायचं राहूनच गेलं. मला राग आला आहे. फार राग आला आहे. म्हणूनच मी यात बसू शकत नाही. दुसरा कोणी पाहा."

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे लाल झालेले. "मी देऊन राहिली निकाल! ऊठ रे. चपला घाल आन् चालता हो. माह्या माणसाले वेडं करून सोडलं तुमी लोकायनं. रोज अर्ज लिहीत बसतेत, रोज!"

सर म्हणाले, "तू बस वं. तुलेही नाही देता येत. तूही त्यातच आली."

काकू बसल्या नाहीत. मी चपला घातल्या. सर फाटकापर्यंत आले, कडी काढून दिली आणि मी बाहेर पडल्यावर लावून घेतली.

सोमवारी त्या मास्तरांची केस मी घेतली. चाललीही, आणि जिंकलोही. ते माझ्या पाया पडायला लागले, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो. त्यांना का ते कळलं नाही.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. मला कोणी कळवलं नाही, आणि कळवावं तरी का? निकाल द्यायला मी अजून कोणीतरी दुसरा शोधतो आहे. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, पोरवय होतं तुमचं. मित्राला सांगितलं, तो म्हणाला, जाऊ दे यार, तुझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. सगळे माझीच बाजू ऐकतात आणि दोन मिनिटांत सोडून देतात. दुसरी बाजू आता बोलायला उरलेली नाही, आणि माझी बाजू ऐकून ऐकून मला तिचा वीट आला आहे.